चिरनेर आणि किहीम : १९३०च्या पावसाळ्यातील कुलाबा किनारा

२५ सप्टेंबर १९३० रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या उरण भागात, चिरनेर गावाजवळील अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या ग्रामस्थांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, चिरनेरपासून सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावर, अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरील गावी तेहतीस वर्षांचे सलीम अली सुगरण पक्ष्यांची घरटी न्याहाळीत होते. त्यांची मुंबईतील नोकरी नुकतीच गेली होती. पहिली घटना स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदली गेली, दुसरी पक्षिशास्त्राच्या. वर्ष एक, ऋतू एक आणि किनाराही एकच असताना या दोन नोंदी दोन निरनिराळ्या कपाटांत राहिल्या.

देश पेटून उठला असताना एका सुशिक्षित माणसाने पक्ष्यांची घरटी पाहत बसावे काय, असा प्रश्न त्या काळी कोणी केला असता तर तो अनाठायी ठरला नसता. कोणत्याही संतापजनक राजकीय घटनेनंतर प्रयोगशाळेत, दफ्तरखान्यात वा अभ्यासिकेत बसलेल्या माणसाला तो आजही विचारला जातो. महाविद्यालयीन अध्यापकांना तर विशेषच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार रायगड किनारा व त्याच्या पाठीमागील प्रदेश यांतील काही प्रसंगांच्या आधारे केला आहे. (कुलाबा जिल्ह्याचे 'रायगड' हे नामांतर १९८१ सालचे, त्यापूर्वीच्या घटनांच्या संदर्भात जुनेच नाव वापरले आहे.)

राब, कात आणि राखीव जंगल

चिरनेरचा संताप एका दिवसाचा नव्हता. १९३०च्या एप्रिल-मे महिन्यांत कायदेभंगाचे साधन मीठ हे होते. पावसाळा सुरू होताच मिठागरे बंद होतात आणि मिठाचा कायदा मोडण्याची सोयच उरत नाही. अशा वेळी महाराष्ट्रातील चळवळ जंगल कायद्याकडे वळली. १० जुलै रोजी बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे सत्याग्रह झाला. संगमनेर, बिळाशी आदी ठिकाणी हे लोण पोहोचले. राखीव जंगलात शिरून गवत कापणे अथवा झाड तोडणे हे त्याचे स्वरूप होते. म्हणजे चळवळीच्या साधनात जो बदल झाला त्यामागे जसा राजकीय विचार होता तसाच नैऋत्य मोसमी वाराही होता. राजकीय इतिहासाच्या लेखनात पाऊस सहसा पार्श्वभूमीला असतो. येथे तो कारणांपैकी एक आहे.

जंगल हा विषय निवडण्यास कुलाबा जिल्ह्यात स्थानिक कारणेही सबळ होती. कोकणात भाताचे रोप तयार करण्यापूर्वी जमीन भाजण्याची पद्धत आहे. शेण, झाडांची छाटलेली कवळे, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर असे थर रचून पावसापूर्वी ते जाळावयाचे आणि त्या भाजलेल्या जागेवर पेरणी करावयाची, हा राब होय. राबाला कवळे लागतात आणि कवळांना झाडे. १८७८च्या वन कायद्यान्वये जंगले राखीव होऊ लागली तेव्हा शेतकऱ्याच्या भाताचा आरंभच वनखात्याच्या परवानगीवर येऊन पडला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष एवढा वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. राब खरोखर आवश्यक आहे की ती केवळ जुनी खोड आहे, यावर त्या काळी बराच खल झाला. वनखात्याच्या दृष्टीने राब म्हणजे झाडांची नासाडी. शेतकऱ्याच्या दृष्टीने तण व कीड यांवरचा उपाय आणि खत. एका अर्थी हा कृषिशास्त्राचा प्रश्न होता; परंतु विचारणाऱ्यांपैकी अनेकांना उत्तर आधीच ठरवून हवे होते.

कातकऱ्यांची स्थिती याहून बिकट होती. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा ज्यांचा नावाला चिकटलेला धंदा, त्यांना खैर तोडण्याची बंदी झाली. कात गेला आणि कोळसा पाडणे, लाकूडतोड, दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी व कर्जाची बांधिलकी एवढेच हाती राहिले. १९२७च्या सुधारित वन कायद्याने मूळ चौकट बदलली नाही. अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबरला जे लोक चढले त्यांच्यामागे निदान पन्नास वर्षांचा असा हिशेब होता. गोळीबारात सत्याग्रहींबरोबरच बंदोबस्तासाठी आलेले मामलेदार जोशी हेही मृत्यू पावले, ही बाब स्मरण-समारंभांतून फारशी उच्चारली जात नाही. त्या दिवशीचा गोंधळ आणि गोळीबारामागची बेफिकिरी समजून घ्यावयाची तर ती वगळता येत नाही.

किहीम

आता दुसरे कपाट. सलीम अली यांचा जन्म १८९६ सालचा. आईवडिलांच्या निधनानंतर ते मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढले. विद्यापीठाची औपचारिक पदवी त्यांच्यापाशी नव्हती आणि या एका कारणामुळे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले व एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. त्याच बर्लिनमध्ये चंपकरामन पिल्ले यांच्यासारख्या क्रांतिकारकांशीही त्यांची ओळख झाली. १९३० मध्ये ते परत आले तेव्हा पैशाअभावी म्युझियममधील जागाच रद्द झाली होती. मुंबईतील खर्च परवडेना म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला राहावयास गेले.

तेथे त्यांनी जे पाहिले ते थोडक्यात असे. सुगरण पक्ष्याचा नर गवताच्या, भाताच्या आणि माडाच्या पात्यांच्या बारीक पट्ट्या फाडून घरटे विणू लागतो व ते अर्धे झाले, शिरस्त्राणासारखा आकार आला, की थांबतो. माद्या येतात, घरट्यात शिरून पाहतात. एखाद्या मादीला घरटे पसंत पडले तर जोडी जमते. नर लांब नळीसह घरटे पूर्ण करतो, मादी अंडी घालते. यानंतर तो नर तेथे रमत नाही. तो शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी, आणि हंगाम असेपर्यंत कधी तिसरेही. जी घरटी कोणत्याच मादीला पसंत पडत नाहीत ती अर्धवट लोंबत राहतात. ही अर्धी घरटी नर स्वतःच्या विसाव्यासाठी बांधतो, अशी समजूत तोवर प्रचलित होती. सुगरणीचे जोडपे म्हणजे सुखी संसाराचा नमुना, ही लोकसमजूत तर आजही आहे. किहीमच्या निरीक्षणांनी दोन्ही समजुती मोडल्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

राबावर उगवलेल्या रोपाची लावणी होऊन शेते हिरवी झाली की सुगरणीला विणकामाची पाती मिळतात. दाणा भरला की पिलांबरोबर थवे शेतावर उतरतात. चिरनेरच्या शेतकऱ्याचा भात आणि किहीमच्या पक्ष्याचा हंगाम एकाच पावसाने व एकाच पिकाने बांधलेले होते. सलीम अलींच्या निबंधाचा विषय तो नव्हता, परंतु हा किनारा एकसंध वाचावयाचा असेल तर ही गाठ ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

सलीम अली राजकारणापासून अलिप्त अथवा अनभिज्ञ होते असे म्हणता येत नाही. त्यांचे आप्त अब्बास तय्यबजी हे बडोदे संस्थानचे माजी न्यायाधीश. वयाच्या शहात्तराव्या वर्षी, गांधीजींच्या अटकेनंतर, धारासणा सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनी पत्करले आणि १२ मे १९३० रोजी त्यांना अटक झाली. ज्या घराण्यातील वडीलधारा माणूस तुरुंगात आहे त्या घराण्यातील तरुणाला देशाची स्थिती ठाऊक नव्हती असे मानणे भाबडेपणाचे होईल. आणखी एक पुरावा अनपेक्षित बाजूने मिळतो. १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेत बरोबर असलेले रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी आपल्या रोजनिशीत तक्रार नोंदविली की हा माणूस इंग्रजांना उद्याच देशाबाहेर घालवून स्वतः राज्य चालविण्यास तयार आहे. ही नोंद पुढे सलीम अलींनी आपल्या १९८५ सालच्या आत्मचरित्रात छापली. साम्राज्याबद्दलचा राग त्यांच्या ठायी होता. मात्र तो त्यांनी पक्ष्यांच्या नोंदवहीत उतरू दिला नाही.

सलीम अलींच्या बचावार्थ एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते: त्यांच्या अभ्यासातूनच पुढे भरतपूरचे रक्षण, सायलेंट व्हॅलीचा लढा आणि देशातील निसर्गसंवर्धनाची चळवळ उभी राहिली. हे बव्हंशी खरे आहे. परंतु हा युक्तिवाद मागाहून केलेला आहे. १९३० मध्ये सुगरणीच्या संसाराची माहिती कोणाच्याही उपयोगाची नव्हती, आणि ती उपयोगी पडेल म्हणून कोणी जमवीतही नव्हते. जिज्ञासेचे समर्थन उपयोगावर आधारले तर ज्या जिज्ञासेचा उपयोग झाला नाही ती सारी गुन्हेगार ठरेल. किहीमच्या कामाचे मोल अन्यत्र आहे. पक्षी जे करतील ते मान्य करावयाचे, पूर्वीच्या तज्ज्ञांचे मत त्यापुढे गौण मानावयाचे आणि हंगाम संपेपर्यंत निष्कर्ष लांबणीवर टाकावयाचा, ही शिस्त तेथे दिसते. राबाच्या चौकशीत अनेकांना जे साधले नाही ते हेच.

अर्थात जिज्ञासा स्वभावतःच निष्पाप असते असेही नाही. ज्या राजवटीने जंगले राखीव केली तिनेच १८८३ मध्ये कुलाबा व जंजिऱ्याचे गॅझेटियर काढले. त्यात झाडे, मासे, जाती-जमाती, किल्ले, बंदरे यांची बारकाईने नोंद आहे आणि ती नोंद महसुलाच्या हिशेबापासून वेगळी काढता येत नाही. उलट उदाहरण अलिबागच्याच चुंबकीय वेधशाळेचे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाबा येथील सूक्ष्म उपकरणांत त्यामुळे बिघाड होणार, हे ओळखून नानाभाई अर्देशीर मूस यांनी १९०४ मध्ये ही वेधशाळा अलिबागला उभारली. इमारतीत लोखंड वापरले नाही. राज्य कोणाचे, याचा त्या चुंबकसूचीशी संबंध नव्हता. स्वातंत्र्यानंतरही नोंदींची ती मालिका अखंड चालू राहिली.

संतापातून निघालेली जिज्ञासा

येथवर संताप एका गावी आणि जिज्ञासा दुसऱ्या गावी अशी मांडणी झाली. परंतु याच जिल्ह्यात दोहोंचा प्रवाह एकत्र आल्याची उदाहरणे आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा जन्म १८६३ मध्ये पेण तालुक्यातील वरसई येथे झाला. ग्रँट डफने १८२६ मध्ये लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्येच टीका केली होती; राजवाड्यांच्या पिढीला तो इतिहास अपमानास्पदच वाटत होता. राजवाड्यांचे वेगळेपण असे की त्यांनी या रागाला कागद शोधण्याच्या कामाला जुंपले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये वाई येथे मिळालेल्या कागदांवरून सिद्ध झाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. जेथे राग कागदाच्या पुढे धावला, विशेषतः वर्ण व जाती यांविषयीच्या त्यांच्या प्रतिपादनात, तेथे पुढील अभ्यासकांनी त्यांचे निष्कर्ष टाकून दिले; कागद मात्र टाकता आले नाहीत.

महाडचे उदाहरण याहून बोलके आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी घेण्यात आले. या घटनेतील संताप सर्वपरिचित आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परिषदेत बाबासाहेबांनी महाडची तुलना १७८९ मधील फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली, हेही अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिला तो तळ्याचा खटला. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, असा वादींचा दावा होता. म्हणजे प्रश्न इतिहासाचा झाला. तळे कोणाचे, ते नगरपालिकेकडे कसे आले, बंदीचा पुरावा किती मागे नेता येतो, याची छाननी करावी लागली. वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. तळ्याकाठी ज्या संतापाने ओंजळ भरली गेली त्याला न्यायालयात दहा वर्षे जुन्या कागदांतून वाट काढावी लागली. कदाचित त्यामुळेच निकालाची बाजू भक्कम झाली. 'हे असेच चालत आले आहे' या वाक्यासमोर संताप एकटा हतबल होतो, कारण ते वाक्य भूतकाळाविषयी असते. त्याला उत्तर भूतकाळातूनच द्यावे लागते.

महाड तालुक्यातीलच नाते येथे जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांचा उल्लेख येथे करावयास हवा, जरी तो ओझरताच. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र, रसायन व भूशास्त्र शिकलेला हा माणूस पुढे रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि कुलाब्यातून निवडून आलेला केंद्रीय अर्थमंत्री झाला. मुंबईतील गोळीबाराची चौकशी नाकारणे आणि मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय यांच्या निषेधार्थ त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. 'मेघदूता'चे मराठी भाषांतरही याच हाताने केले. राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, हे अध्यापकवर्गाला सांगावयास नको.

आठ नावे

चिरनेरच्या हुतात्म्यांची नावे अशी: धाकू गवत्या फोफेरकर व नाग्या महादू कातकरी (चिरनेर), रामा बामा कोळी (मोठी जुई), आनंदा माया पाटील (धाकटी जुई), परशुराम रामा पाटील (पाणदिवे), हसुराम बुधाजी घरत (खोपटे), रघुनाथ मोरेश्वर न्हावी (कोप्रोली) आणि आलू बेमट्या म्हात्रे (दिघोडे). दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या स्मारकावर त्यांना मानवंदना दिली जाते. संतापाने एवढे काम निश्चितच केले: ही नावे त्याने पुसू दिली नाहीत.

मात्र नावांपुढे जाण्याचे काम संतापाचे नव्हे. सात गावांतून आलेल्या या आठ जणांना जंगलातून काय हवे होते, ते एकच होते की वेगवेगळे? शेतकऱ्याला राबाची कवळे व गुरांचे गवत हवे असते. खाडीतील कोळ्याला डोल जाळी बांधण्यास खांब लागतात. कातकऱ्याला खैर, मध, कंद आणि सरपण. न्हाव्याचा जंगलाशी प्रत्यक्ष व्यवहार कोणता? की तो केवळ शेजारधर्माने आणि देशासाठी डोंगर चढला? 'शेतकऱ्यांचा लढा' वा 'आदिवासींचा लढा' असे एकच नाव देण्याची घाई केली तर हे प्रश्न विचारण्यापूर्वीच बुजतात. स्मारकावर सर्वांची नावे एका उंचीवर कोरलेली असणे उचितच आहे. इतिहासलेखनात तेवढ्यावर थांबता येत नाही.

नाग्या कातकरी यांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. किहीमच्या सुगरणीने त्या पावसाळ्यात काय केले हे सतरा-अठरा छापील पृष्ठांतून आज वाचता येते. अक्कादेवीच्या रानात वाढलेल्या माणसाला त्या रानातील झाडे, खेकडे, उंदीर, मधमाश्या आणि पाखरे यांविषयी जे ठाऊक होते ते कोणत्याही नियतकालिकात आले नाही. सलीम अलींना पदवी नव्हती म्हणून एक नोकरी नाकारली गेली. तरीही त्यांच्यापाशी इंग्रजी भाषा, सोसायटीचे ग्रंथालय आणि नोंदवही होती. नाग्या कातकरी यांचा प्रवेश लिखित इतिहासात झाला तो गोळी लागल्यामुळे. त्यांचे मरण तारखेनिशी सांगता येते. खैर कोणत्या महिन्यात तोडावा, कात किती वेळ उकळावा, हे त्यांच्या वडीलधाऱ्यांचे ज्ञान मात्र वनखात्याच्या गुन्ह्यांच्या नोंदींतून उलट बाजूने शोधावे लागेल.

हा शोध अशक्य कोटीतील नाही. १८८७च्या अहवालाचे खंड उपलब्ध आहेत. चिरनेर प्रकरणी खटला चालला, त्याचे कागद आहेत. राब आजही कोकणात अनेक ठिकाणी भाजला जातो. उरणच्या किनाऱ्यावर जानेवारी १९८४ मध्ये बंदराच्या भूसंपादनाविरुद्ध झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पुन्हा गोळीबार झाला. त्याच किनाऱ्यावरील पाणथळ जागा व तेथील पक्षी हा पुढे वादाचा आणि नोंदींचा विषय बनला. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीस बंदी घातली, तीही एका दीर्घ लढ्यानंतर. चिरनेरच्या आसपासच्या कातकरी वाड्यांवर जंगलातील झाडांची व पाखरांची जुनी नावे सांगणारी वयस्क माणसे आहेत. महाविद्यालयांतील इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि मराठी या तीन विभागांनी मिळून एक पावसाळा तेथे घालविला तर पहिली यादी तयार होईल.